उष्मांकांचा हिशेब: दिवसाचा की आठवड्याचा?

आहारातून मिळणाऱ्या ऊर्जेचा हिशेब ठेवू लागलेल्या माणसापुढे पहिल्या काही दिवसांतच एक प्रश्न उभा राहतो, आणि तो दिसतो तितका क्षुल्लक नाही: हा हिशेब रोजच्या रोज मिटवावयाचा, की आठवड्याची मुदत धरून सातव्या दिवशी एकत्र पाहावयाचा? डॉक्टरांनी अथवा आहारतज्ज्ञांनी कागदावर लिहून दिलेला आकडा बहुधा दिवसाचा असतो; पण मंगळवारी घरची भाजीभाकरी खाऊन त्या आकड्याच्या पुष्कळ आत राहिलेला माणूस शनिवारी लग्नाच्या पंगतीतून उठतो तेव्हा तो आकडा केव्हाच मागे पडलेला असतो, आणि मग मंगळवारची शिल्लक शनिवारच्या खर्चास लावता येईल काय, हा प्रश्न शरीरशास्त्राचा, संख्याशास्त्राचा आणि काही अंशी नीतीचाही होऊन बसतो. नीतीचा म्हणावयाचे कारण असे की, हाच प्रश्न आपल्या देशात फार मोठ्या प्रमाणावर विचारला गेलेला आहे, तो विचारणारे विद्वान पुण्यात बसलेले होते, आणि त्याच्या उत्तरावर कोट्यवधी माणसांना अर्धपोटी म्हणावयाचे की नाही, हे अवलंबून होते. या सर्व बाजूंचा आढावा घेताना माझे मत मी आरंभीच सांगून ठेवतो: नोंद दिवसाची असावी आणि निवाडा आठवड्याचा असावा, परंतु आठवड्याची ही सवलत ज्याच्या ताटात पुरेसे अन्न आहे त्यानेच स्वतःपुरती घ्यावयाची आहे, ती दुसऱ्याच्या ताटावर लादता येत नाही.

दिवस हे एकक शास्त्रज्ञांनी शरीराकडे पाहून निवडले, असे समजण्यास फारसा आधार नाही. ते बहुतांशी सरकारी दप्तरातून आले. सैनिकाचा शिधा, कैद्याची भाकरी, मजुराचे धान्य यांची गणना दिवसावर होत असे, कारण हजेरीच दिवसावर होत असे. १८७७ च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांनी सरकारी कामावरील मजुरास दिवसाकाठी एक पौंड धान्य आणि वर किरकोळ रोकड एवढे पुरे, असा दर ठरविला. मद्रास इलाख्याचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी त्यास कसून विरोध केला, आणि मुंबई इलाख्यातील मजुरांनी त्या तुटपुंज्या दराविरुद्ध कामे सोडली तेव्हा पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू उचलून धरली. माणसाला जगावयास दिवसाला किती लागते, हा सवाल आपल्याकडे असा प्रथम सरकार आणि उपाशी रयत यांच्यामध्ये उभा राहिला. पुढे १८९० च्या दशकात अमेरिकेतील मिडलटाउन येथे विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी एडवर्ड रोझा या भौतिकशास्त्रज्ञाच्या साहाय्याने माणूस आत राहू शकेल असा उष्णतामापक कक्ष उभारला, आणि अॅटवॉटर यांच्या संशोधनातूनच पिष्टमय पदार्थ व प्रथिने यांस ग्रॅमला चार आणि स्निग्धांस नऊ हे आजही सर्वत्र वापरात असलेले ठोकताळे रूढ झाले. १९१८ साली लॉस एंजलिसच्या डॉ. लुलू हंट पीटर्स यांनी सामान्य स्त्रियांसाठी लिहिलेल्या पुस्तकात वजन उतरविण्यासाठी उष्मांक मोजण्याचा परिपाठ घालून दिला, ते पुस्तक अफाट खपले, आणि रोजचा ठरावीक आकडा ही कल्पना घरोघर पोहोचली. आज आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत बैठे काम करणाऱ्या ६५ किलो वजनाच्या पुरुषास २,११० आणि ५५ किलो वजनाच्या स्त्रीस १,६६० उष्मांक दिवसाला सांगितले आहेत, आणि बिस्किटांच्या पुड्यावरील टक्केवारी दिवसाचे २,००० उष्मांक धरून छापलेली असते.

ज्यांनी हे आकडे काढले त्यांनी मात्र दिवसाचा आग्रह कधी धरलेला नाही. अन्न व शेती संघटना, जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्र विद्यापीठ यांच्या तज्ज्ञसमितीच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात स्पष्टच म्हटले आहे की, गरज दिवसावारी मांडण्याचा शिरस्ता हा सोयीचा आहे, त्यावरून प्रत्येक दिवशी नेमके तेवढेच खाल्ले पाहिजे असा अर्थ काढू नये. एवढे महत्त्वाचे वाक्य अहवालात राहिले आणि पुड्यावर केवळ आकडा आला, ही मला खेदाची गोष्ट वाटते.

आता शरीराकडे वळू. या विषयावरील सर्वांत बोलका प्रयोग १९५५ चा आहे. ब्रिटनमध्ये एढोम यांनी विडोसन, मॅकॅन्स प्रभृती सहकाऱ्यांसह बारा लष्करी छात्रांचे दोन आठवड्यांचे खाणे आणि त्यांची हालचाल यांची बारकाईने नोंद घेतली. कवायत, मोर्चा, विश्रांती यांमुळे त्यांचा खर्च दिवसागणिक बदलत होता. परंतु ज्या दिवशी खर्च अधिक त्या दिवशी खाणे अधिक, असा संबंध काही आढळेना. दोन आठवड्यांची बेरीज केली तेव्हा मात्र जमा आणि खर्च एकमेकांस बव्हंशी जुळले. आणि त्या संशोधकांना असेही दिसले की, खाण्याचा मेळ त्याच दिवसाच्या श्रमाशी नसून दोन दिवसांपूर्वीच्या श्रमाशी बसतो. दोन दिवसांचे हे अंतर पुढील सर्वच पाहण्यांत तितक्या ठळकपणे दिसले नाही. पण मूळ सिद्धांत टिकून आहे. मध्यरात्री बाराच्या ठोक्याला शरीर आपला जमाखर्च बंद करीत नाही.

ऊर्जेचा खर्च मोजण्याची आजची सर्वांत विश्वसनीय पद्धतही हेच सांगते. मिनेसोटा विद्यापीठातील नेथन लिफसन यांनी १९५५ मध्ये प्राण्यांसाठी सिद्ध केलेल्या आणि १९८२ पासून माणसांवर वापरल्या गेलेल्या या पद्धतीत हायड्रोजन व ऑक्सिजन यांचे जड समस्थानिक असलेले पाणी पाजतात, आणि ती समस्थानिके शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात हे मूत्राच्या नमुन्यांवरून ताडून कर्बवायूचे आणि त्यावरून ऊर्जेचे मान काढतात. या पद्धतीला सामान्यतः एक ते दोन आठवडे लागतात आणि तिच्यातून हाती येते ती त्या मुदतीची सरासरी. अमुक बुधवारी किती खर्च झाला, हे ती सांगूच शकत नाही. अर्थात ज्या मापनावर आपण सर्वाधिक विसंबतो, ते आठवड्याच्या किंवा पंधरवड्याच्या भाषेतच बोलते.

वजनकाट्याचा प्रकार याहून अवघड. यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साखरेचा जो साठा असतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमाबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. त्यात मिठाचे कमीअधिक प्रमाण आणि आतड्यातील अन्न मिळवले, म्हणजे वजन एका दिवसात किलोभर इकडेतिकडे होणे ही अगदी सामान्य गोष्ट ठरते. उलट, दिवसाला ५०० उष्मांकांची तूट निष्ठेने पाळली, तरी एक किलो चरबीस सुमारे ७,७०० उष्मांक या हिशेबाने त्या दिवशी जळते ती केवळ ६५ ग्रॅम. किलोभराच्या चढउतारात ६५ ग्रॅम शोधू पाहणाऱ्याच्या वाट्यास निराशाच यावयाची. आठवड्याच्या अखेरीस साडेचारशे ग्रॅम तरी दिसू लागतात.

तथापि आठवडा म्हणजे सत्य आणि दिवस म्हणजे भ्रम, इतका सरळ निकाल संख्याशास्त्र देत नाही. अमेरिकेच्या शेतकी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील केंद्रात २९ स्त्रीपुरुषांनी पुरते ३६५ दिवस आपल्या खाण्याची नोंद ठेवली होती. त्या नोंदींचे विश्लेषण १९८७ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यात असे निघाले की, एका व्यक्तीच्या ऊर्जाग्रहणाची खरी सरासरी दहा टक्क्यांच्या आत गाठावयाची तर साधारणपणे ३१ दिवसांची नोंद लागते. ‘अ’ जीवनसत्त्वासाठी तर ४३३ दिवस! म्हणजे एका आठवड्याच्या नोंदीत वीस टक्क्यांपर्यंत चूक संभवते. २,००० च्या आकड्यावर ती चारशे होते, आणि लोक जी तूट साधू पाहतात ती बहुधा एवढीच असते. माझ्या दृष्टीने आठवड्याच्या बाजूने केलेल्या बहुतेक युक्तिवादांतील उणीव ही आहे: ते दिवसाच्या आकड्याचा फोलपणा दाखवितात आणि आठवड्याचा आकडा तेवढ्याच निःशंकपणे डोक्यावर घेतात. शिवाय नोंदणाऱ्याची चूक वेगळीच. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात, कितीही कमी खाल्ले तरी वजन उतरत नाही असे सांगणाऱ्या लठ्ठ व्यक्तींची तपासणी झाली, तेव्हा त्यांनी प्रत्यक्ष खाण्याच्या सुमारे निम्मेच सांगितले होते आणि श्रम मात्र दीडपट सांगितले होते. ही माणसे खोटे बोलत नव्हती. त्यांना खरोखरच तसे वाटत होते. सात दिवसांचे खाणे रविवारी रात्री आठवून लिहिणाऱ्याचे याहून बरे होईल, अशी आशा बाळगण्यास जागा नाही, आणि म्हणूनच नोंद त्याच दिवशी झाली पाहिजे. जुन्या पेढीवर रोजकीर्द रोज लिहीत आणि खतावणी सावकाश करीत. उष्मांकांच्या बाबतीत तीच पद्धत योग्य आहे.

येथे मला ज्या वादाकडे यावयाचे आहे तो मराठी वाचकास ठाऊक असावयास हवा, कारण त्यातील दोन्ही प्रमुख पुरुष आपले होते. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे जागतिक कीर्तीचे संख्याशास्त्रज्ञ. रोम येथे अन्न व शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाची धुरा दीर्घकाळ वाहून निवृत्तीनंतर ते पुण्यास आले. त्याच पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातील दारिद्र्यावरील आपला प्रसिद्ध निबंध सिद्ध केला. दरडोई दरदिवशी २,२५० उष्मांक मिळण्यास किती पैसे लागतात, हे राष्ट्रीय नमुना पाहणीवरून काढून १९६०-६१ च्या किमतींनी ग्रामीण भागात महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये ही रेषा त्यांनी आखली, आणि तिच्या खालील कुटुंबे दरिद्री मानली.

सुखात्म्यांनी या रेषेच्या मुळाशीच हात घातला. गरज ही एक स्थिर संख्या आहे, हे गृहीतच त्यांना मान्य नव्हते. निरोगी माणसाचे खाणे दिवसागणिक आणि आठवड्यागणिकही बदलत असते, वजन मात्र स्थिर राहते. आणि हे बदल नाणे फेकल्यासारखे एकमेकांपासून स्वतंत्रही नसतात, आजच्या खाण्याची छाया उद्यावर पडते. त्यामुळे सात दिवसांची सरासरी घेतली म्हणजे चढउतार जितका निवळावयास हवा तितका तो निवळत नाही. बर्कले येथील शेल्डन मार्गेन यांच्यासह १९८२ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी असे प्रतिपादन केले की, शरीर आपली कार्यक्षमता कमीअधिक करून एका विशिष्ट पट्ट्यात स्वतःचा तोल स्वतः सांभाळते. तेव्हा सरासरीच्या खाली असलेल्या प्रत्येकास उपाशी म्हणणे चूक आहे, त्या पट्ट्याच्या खालच्या कडेखाली जो गेला तोच खरा कुपोषित. ही कड रेषा म्हणून स्वीकारली, तर भारतातील उपाशी लोकांची संख्या फारच कमी भरत होती. दांडेकरांनी याचा जोरदार प्रतिवाद केला, आणि पोषणशास्त्रातील अग्रणी डॉ. सी. गोपालन यांनीही कमी अन्नाशी जुळवून घेणाऱ्या शरीराला त्याची किंमत खुजेपणाच्या आणि घटलेल्या श्रमशक्तीच्या रूपाने मोजावी लागते, हे ठासून सांगितले.

या वादाचा पूर्वार्ध सुखात्म्यांनी जिंकला, असे मी मानतो. एका दिवसाचा आकडा माणसाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही, आणि आठवड्याचाही आपण समजतो त्याहून कमी सांगतो, हे त्यांचे म्हणणे आज विवादातीत आहे. उत्तरार्धात मात्र दांडेकर आणि गोपालन यांची बाजू मला बळकट वाटते, आणि तिचे कारण याच विषयाच्या पोटात आहे. चढउतारामुळे जो आज सरासरीच्या खाली आहे तो उद्या परवा वर येतो. वर येणे हाच चढउताराचा पुरावा. जो माणूस हंगाम संपल्यापासून पुढच्या हंगामापर्यंत खालीच राहतो, त्याचे खाली राहणे चढउतार म्हणून खपविता येत नाही. आणि एका वेळच्या पाहणीत ही दोन माणसे शेजारी शेजारी, अगदी सारखी दिसतात. मुदत वाढविली तरच त्यांतला फरक कळतो. म्हणून मुदतीचा विचार हा गणिताचा तपशील नसून न्यायाचा विचार आहे.

आपल्या राष्ट्रीय नमुना पाहणीला हा अनुभव दुसऱ्या वाटेनेही आला. कुटुंबाने गेल्या आठवड्यात काय वापरले असे विचारावे की गेल्या महिन्यात, याची तुलना प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी केली होती आणि त्यानंतर महिन्याची मुदत रूढ झाली. आठवड्याचे विचारले की लोक अधिक सांगतात. महिन्याचे विचारले की कमी. १९९९-२००० च्या ५५ व्या फेरीत अन्नाबद्दल दोन्ही मुदतींचे प्रश्न एकाच पत्रकात शेजारी शेजारी घातले गेले, उत्तरे एकमेकांत मिसळली, आणि त्या वर्षीची २६ टक्के ही दारिद्र्याची टक्केवारी आधीच्या ३६ टक्क्यांशी पडताळता येते किंवा नाही, यावर अर्थशास्त्रज्ञांत मोठे वादंग माजले.

वजन उतरविण्याच्या इच्छेने हिशेब ठेवणाऱ्यास उपयोगी पडणारे प्रत्यक्ष प्रयोग त्या मानाने अलीकडचे आहेत आणि त्यांचा निष्कर्ष थोडक्यात सांगता येतो. मँचेस्टर येथे मिशेल हार्वी यांनी १०७ स्त्रियांपैकी काहींना आठवड्यातून सलग दोन दिवस सुमारे ६५० उष्मांकांवर ठेवले आणि इतरांना रोज चतुर्थांश कपात करावयास लावली. सहा महिन्यांनी पहिल्या गटाचे वजन सरासरी ६.४ किलोंनी आणि दुसऱ्याचे ५.६ किलोंनी उतरले होते, हा फरक नगण्य मानला गेला. हा अभ्यास २०११ चा. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शिकागोच्या वर्षभराच्या प्रयोगात एक दिवसाआड अल्पाहार घेणारे आणि रोज कपात करणारे पुन्हा जवळजवळ सारखेच उतरले. मात्र मध्येच सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण एक दिवसाआडच्या गटात ३८ टक्के आणि रोजच्या गटात २९ टक्के होते. आठवड्याची बेरीज सारखी असेल तर वाटणी कशीही केली तरी वजनात फरक पडत नाही. फरक पडतो तो निभावून नेण्यात.

आणि निभावणे हा मनाचा प्रांत आहे. हर्मन आणि मॅक यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले की, पथ्यावर असलेल्या माणसांना आधी दूध-आइसक्रीमचे गोड पेय पाजले, तर नंतर समोर ठेवलेले आइसक्रीम ती कमी न खाता उलट अधिक खातात. एकदा मोडलेच आहे, आता आजचा दिवस गेला, असे मन घेते. रोजच्या आकड्याचा हा मोठाच दोष आहे, कारण तो दिवसाला उत्तीर्ण अथवा अनुत्तीर्ण ठरवितो आणि दुपारी चार वाजता अनुत्तीर्ण झालेल्याला रात्रीच्या जेवणात आवर घालण्याचे कारण उरत नाही. जर्मनीतील वेस्टेनहोफर यांनी १९९१ मध्ये कठोर आणि लवचिक अशा दोन प्रकारच्या संयमांत भेद केला, त्यात लवचिक संयम पाळणाऱ्यांचे वजन कमी आणि खाण्यावरील ताबा अधिक आढळला. आठवड्याच्या मुदतीत ही लवचिकता अंगभूतच असते.

पण आठवड्याच्या हिशेबाचे खरे मोल मला दुसरीकडेच दिसते: तो सुटीच्या दिवसांना नजरेआड होऊ देत नाही. आपल्याकडे रविवार हा काही पूर्वापार चालत आलेला खाण्याचा दिवस नव्हे. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली ती नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० मध्ये. आज मात्र शनिवारी संध्याकाळपासून घराची चूल आणि बाहेरची खाणावळ यांचा क्रमच निराळा असतो, सकाळी मिसळ किंवा वडे, दुपारी मटण आणि वर एखादा गोड पदार्थ, रात्री बाहेरचे. अमेरिकेतील पाहणीत शुक्रवार ते रविवार दिवसाला सरासरी ८२ उष्मांक अधिक खाल्ले जात असल्याचे दिसले. सेंट लुइस येथील २००८ च्या अभ्यासात तर कपात करणाऱ्यांचे उतरणारे वजन शनिवार-रविवारी थांबून जात होते. आणि २०१४ मध्ये ऐंशी प्रौढांच्या रोजच्या वजनांवरून वजन सुटीनंतर सर्वाधिक आणि शुक्रवारी सर्वांत कमी असते, अशी आठवडी लय आढळली. शरीरात सात दिवसांचे घड्याळ नाही. समाजात ते आहे, आणि ताट समाजाच्या घड्याळाने चालते.

याचे गणित एकदा तपशिलाने मांडून पाहावे. ज्याची गरज २,११० आहे त्या पुरुषाने सोमवार ते शुक्रवार १,६१० वर राहून २,५०० उष्मांक वाचविले, आणि शनिवारी व रविवारी प्रत्येकी ३,००० घेतले, तर त्या दोन दिवसांत १,७८० अधिक झाले. आठवड्याची निव्वळ तूट ७२०, म्हणजे चरबीच्या भाषेत ९४ ग्रॅमही नाही. दिवसाच्या पद्धतीने पाहिले तर हा माणूस सातांपैकी पाच दिवस यशस्वी ठरतो, आणि इतके करूनही वजन का उतरत नाही, या विचाराने खचून जातो. त्याच्या कष्टांना न्याय द्यावयाचा तर त्याला आठवड्याची बेरीजच दाखविली पाहिजे.

महाराष्ट्रात यात उपवासांची भर पडते. वाराचे उपवास आठवड्यात बसतात. एकादशी पंधरवड्याने येते, संकष्टी महिन्याने. तेव्हा आपल्या घरांत कोणताही एक आठवडा हा दुसऱ्यासारखा नसतो, आणि चार आठवड्यांची सरासरी हीच खऱ्या अर्थाने पूर्ण मुदत ठरते. उपवासाच्या दिवशी कमी खाल्ले जाते, ही समजूत मात्र तपासून घ्यावी. साबुदाण्याच्या खिचडीची एक बशी घ्या: कोरडा साबुदाणा ५० ग्रॅम, त्याचे १७५ उष्मांक, दाण्याचे कूट २५ ग्रॅम, त्याचे सुमारे १४०, तूप दोन चहाचे चमचे, म्हणजे १० ग्रॅम, त्याचे ९०, बटाटा ५० ग्रॅम, त्याचे पन्नासच्या आत. बेरीज साडेचारशे. ज्वारीच्या साठ ग्रॅम पिठाची भाकरी दोनशेच्या थोडी वर जाते, म्हणजे दोन भाकरींइतके उष्मांक एका बशीत आले. आणि बशी सहसा एकीवर थांबत नाही, शिवाय दुपारी रताळ्याचा कीस आणि संध्याकाळी राजगिऱ्याचा लाडू असतोच. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण अनुभवावाचून निघालेली नाही. याउलट, ज्या घरी गुरुवार खरोखरच ताक आणि फळांवर काढला जातो, तेथे आठवड्यातून हजारभर उष्मांक सहज वाचतात, आणि रोजच्या आकड्याची पद्धत या जुन्या, अंगवळणी पडलेल्या संयमाला काहीच श्रेय देत नाही.

तेलातुपाचा हिशेब तर आठवड्याहूनही लांब मुदतीने अधिक चांगला होतो. फोडणीत किती तेल पडले हे रोज मोजणे स्वयंपाक करणाऱ्या बाईवर अन्याय करणारे आहे, आणि ते मोजले तरी कोणाच्या ताटात किती गेले ते कळत नाही. परंतु महिन्याच्या किराण्यात चौघांच्या घरी तीन लिटर तेल येत असेल, तर लिटरला सुमारे ९१० ग्रॅम धरून दरडोई दरदिवशी दोनशेच्या वर उष्मांक तेलाचेच झाले, हे दोन मिनिटांत निघते.

एवढे सर्व आठवड्याच्या बाजूने सांगितल्यावर, जेथे आठवडा लावू नये त्या जागाही तितक्याच आग्रहाने सांगितल्या पाहिजेत. इन्सुलिन टोचून घेणाऱ्या किंवा सल्फोनिलयुरिया वर्गातील गोळ्या घेणाऱ्या मधुमेही माणसाने सोमवारची शिल्लक शनिवारी नेण्याचा विचारही डॉक्टरांना विचारल्यावाचून करू नये. औषध ठरलेल्या मात्रेने काम करीत राहते आणि अन्न कमी पडले तर रक्तातील साखर धोकादायक रीतीने खाली जाते, तेथे एकक दिवसाचेही नाही, जेवणाचे आहे. गर्भवतीची गोष्ट तीच. प्रथिनांचा चरबीसारखा राखीव साठा शरीरात नसतो, तेव्हा पुरुषास ५४ आणि स्त्रीस ४६ ग्रॅम ही शिफारस रोज पाळावयाची आहे, रविवारच्या मटणाने आठवड्याची डाळ भरून निघत नाही. उलट ‘अ’ आणि ‘ब-१२’ ही जीवनसत्त्वे यकृतात साठून राहतात, त्यांना आठवडा म्हणजे अल्पच मुदत आहे. लहान मुलांविषयी एक सुंदर अभ्यास १९९१ चा आहे: दोन ते पाच वर्षांच्या पंधरा मुलांचे एकेका जेवणातील खाणे तीस टक्क्यांहून अधिक हेलकावे घेत होते, पण दिवसाची बेरीज मात्र जेमतेम दहा टक्क्यांनी बदलत होती. मूल एका जेवणाची उणीव पुढच्या जेवणात स्वतः भरून काढते; त्याचा हिशेब आईने ठेवण्याची गरजच नाही, आणि कोणत्याही मुदतीने ठेवू नये. ज्यांना उपासमार आणि बेसुमार खाणे यांच्या आळीपाळीच्या चक्राचा त्रास होऊन गेला आहे, त्यांनाही आठवड्याची मुभा घातक ठरते, कारण बुधवारचा उपाशी दिवस हा शनिवारच्या अतिरेकाचा परवाना होतो आणि शनिवारचा अतिरेक पुढच्या बुधवारची शिक्षा. अशा माणसास नियमित वेळची तीन जेवणे हवीत; आकडा काही काळ बाजूला ठेवलेला बरा.

इतरांसाठी व्यवहार्य रीत अशी सुचवावीशी वाटते. आठवड्याचा आकडा सोमवारीच ठरवावा आणि ज्ञात प्रसंग, लग्न, बारसे, रविवारचे जेवण, यांच्यासाठी त्यातील वाटा आधीच राखून ठेवावा. खाऊन झाल्यावर मागच्या दिवसांतून भरपाई शोधणे आणि आधी ठरवून बाजूला काढणे, या दोन गोष्टी बेरजेत सारख्या असल्या तरी आचरणात फार वेगळ्या आहेत. कोणत्याही एका दिवशी गरजेच्या दोन तृतीयांशाच्या खाली उतरू नये. वजन रोज करावयाचे तर खुशाल करावे, पण पाहावे ते सात दिवसांच्या सरासरीला. आणि मासिक पाळीच्या चक्रात, विशेषतः पाळीपूर्वीच्या दिवसांत, शरीरात पाणी साठते आणि भूकही वाढते, तेव्हा स्त्रियांनी या चक्राचा तिसरा आठवडा मागच्या चक्राच्या तिसऱ्या आठवड्याशी ताडून पाहावा, लगतच्या आठवड्याशी नव्हे.

आकडा बदलण्याची घाईही करू नये. चरबीच्या दर पौंडास ३,५०० उष्मांक हा १९५८ पासून विश्नोफ्स्की यांच्या नावाने चालत आलेला ठोकताळा महिना-दोन महिने बरा चालतो. पुढे वजन उतरू लागले की शरीराचा खर्चही उतरतो आणि तो ठोकताळा फसवू लागतो. केव्हिन हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या हिशेबानुसार, प्रौढ माणसाने रोज सुमारे २४ उष्मांक कायमचे कमी केले तर त्याचे वजन अखेरीस एक किलोने उतरते, आणि त्यातील निम्मे उतरावयास जवळजवळ एक वर्ष लागते. २४ उष्मांक म्हणजे चहातील दीड चमचा साखर. तेव्हा चार आठवडे पुरे झाल्यावाचून ठरवलेल्या आकड्याला हात लावू नये, आणि लावलाच तर दिवसाला शंभराच्या वर फरक करू नये.